टोकन देण्याआधी घर व्हॅल्युअरच्या नजरेने बघा

ठाणे आणि नवी मुंबईत पहिलं घर घेणाऱ्यांसाठी

नेरूळमधल्या एका रिसेल फ्लॅटची पाहणी करून मी खाली उतरलो, तेव्हा घर घेणारा मुलगा गेटपाशी थांबला होता. मूळचा लातूरकडचा, नोकरी ऐरोलीत, लग्नाला वर्ष झालेलं. नव्वद लाखांना सौदा ठरला होता आणि दोन लाख टोकन देऊनही झालं होतं. आठवड्याने आमच्या ऑफिसचा घराच्या किमतीचा रिपोर्ट बँकेत गेला. त्यात आकडा होता ब्याऐंशी लाख. संध्याकाळी त्याचा फोन आला, "सर, घर तर तेच आहे ना? मग आठ लाख गेले कुठे?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. वाईट एवढंच वाटलं की तो टोकन दिल्यावर पडला. मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि अठरा वर्षं बँकांच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरकडे, म्हणजे कर्जाआधी बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्याकडे, पाहणीचं काम करतो आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. घरं दोन असतात, एक डोळ्यांसमोरचं आणि एक कागदावरचं. व्हॅल्युअर दोन्ही शेजारी ठेवतो आणि जेवढं जुळतं तेवढ्याचीच किंमत लिहितो. हे काम तुम्हीही एका रविवारी करू शकता. कसं ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : आधी पैशांचं गणित

बँक कर्ज देताना करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतला जो आकडा कमी तो धरते. त्या आकड्याच्या किती टक्के कर्ज द्यायचं याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे : कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबात येत नाहीत, ती आपल्या खिशातूनच जातात.

त्या मुलाने मनात नव्वदचे ८० टक्के, म्हणजे ७२ लाख धरले होते. ब्याऐंशीचे ८० टक्के होतात ६५ लाख ६० हजार. म्हणजे एका रिपोर्टने त्याच्या डोक्यावर ६ लाख ४० हजारांचा जादा बोजा आला, तोही पंधरा दिवसांत उभा करायचा. दागिने गहाण ठेवणं आणि गावाकडे फोन करणं इथूनच सुरू होतं. म्हणून मी टोकनआधीच्या रविवारवर एवढा जोर देतो.

पायरी २ : टेप घ्या आणि कार्पेट मोजा

आठ लाखांतले साडेसहा लाख इथे गेले होते. एजंटने त्याला कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ५६२ चौरस फूट सांगितली होती आणि चौरस फुटाला १६ हजारांचा दर लावला होता. मूळ करारात कार्पेट होतं ४८.५० चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, त्यामुळे ते भरतं ५२२. वरचे चाळीस फूट कुठून आले? बेडरूमच्या खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड भिंत फोडून आत घेतला होता आणि बाल्कनी हॉलमध्ये मिसळली होती. नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींत हे जागोजागी दिसतं. राहणाऱ्याला ती जागा खरीच वाटते, कारण तिथे पलंग असतो, मुलाचं अभ्यासाचं टेबल असतं. पण मंजूर नकाशात ती खोलीचा भाग नाही, म्हणून आम्ही तिची किंमत धरू शकत नाही. उलट भिंत तोडली असेल तर तसा शेराही लिहावा लागतो.

तर असं करा. मूळ कराराची प्रत मागा आणि त्यातला क्षेत्रफळाचा परिच्छेद स्वतः वाचा. आकडा कार्पेटचा आहे की बिल्टअपचा (बाहेरच्या भिंतीही धरलेला), चौरस मीटरमध्ये आहे की फुटांत, हे नीट बघा. १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झालेल्या रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाच्या, कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरायची नाही. त्याआधीच्या करारांत मात्र बाल्कनी कार्पेटमध्ये मिसळलेली सापडते. सुपर बिल्टअप (जिना, लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटाही धरलेलं क्षेत्रफळ) हा शब्द कुणी काढला तर तो आकडा वहीत लिहूसुद्धा नका. मग प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा आणि बेरीज कराराशी ताडून बघा. दराची बोलणी फक्त करारातल्या कार्पेटवर करा.

दोन फ्लॅट जोडून एक केला असेल तर दोन करार, दोन शेअर सर्टिफिकेटं (सोसायटीने सभासदाला दिलेला दाखला) आणि जोडण्याची परवानगी मागा. परवानगी नसेल तर बँक दोन्हींमधली भिंत परत बांधायला सांगू शकते.

पार्किंगचंही इथेच बघून घ्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बिल्डरला स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा वेगळा फ्लॅट म्हणून विकता येत नाही. त्यामुळे "पार्किंगचे पाच लाख वेगळे" असं विकणारा म्हणाला तर सोसायटीचं वाटपपत्र मागा. वाटपपत्र असेल तर पार्किंगचा फायदा व्हॅल्युएशनमध्ये दिसतो, तोंडी शब्दाचा दिसत नाही.

पायरी ३ : ओसी

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. महापालिकेने किंवा सिडकोने (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) दिलेला हा कागद सांगतो की इमारत मंजूर नकाशाप्रमाणे उभी राहिली आणि राहायला योग्य आहे. व्हॅल्युअर इमारतीचं वयही साधारण याच तारखेपासून मोजतो. ओसीत विंग आणि मजले लिहिलेले असतात, ते वाचा. सात मजल्यांची ओसी असलेल्या इमारतीत आठव्या मजल्यावरचा फ्लॅट मी स्वतः पाहिला आहे. घर सुंदर होतं, हवेशीर होतं. त्याचं मूल्य मला शून्य लिहावं लागलं.

ओसीबद्दल मी हट्टी का आहे तेही सांगतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिकेच्या हद्दीत शीळफाट्याजवळ एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. बांधकाम चालू असतानाच तिथे कुटुंबं राहायला आली होती. मुंब्रा, दिवा, कळवा इथे आजही अर्ध्या किमतीत घर मिळतं असं ऐकून नवखी माणसं जातात. त्यांची गरज खरी असते. पण जिथे एकही बँक कर्ज द्यायला तयार नाही, तिथे बँकेला काय दिसलं हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओसीसोबत बाकीचे कागद : आधीच्या प्रत्येक व्यवहाराचा नोंदणीकृत करार आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, ताजी मालमत्ता कराची पावती, महावितरणचं बिल. या सगळ्यांवर फ्लॅट नंबर, विंग आणि मजला एकच आहे ना, ते बघा. शेअर सर्टिफिकेटवर ३०२ आणि वीजबिलावर ३०४ अशी गडबड दिसली तर ती विकणाऱ्याने निस्तरायची, आणि टोकनआधी.

पायरी ४ : घराखालची जमीन कुणाची?

खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे या प्रश्नाची उत्तरं वेगळी आहेत.

नवी मुंबईत आधी सिडको. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नियोजित नोडमधली (वसाहतीतली) जमीन तिने विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली आणि जुने पट्टे साठ वर्षांचे आहेत. म्हणून वाशी, नेरूळ, सीबीडीत आम्ही पट्टा कधी सुरू झाला आणि किती वर्षं उरली हे रिपोर्टमध्ये लिहितो. प्लॉट कोणत्या योजनेतून मिळाला तेही बघतो. निविदेने घेतलेला, साडेबारा टक्के योजनेत (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात) प्रकल्पग्रस्ताला मिळालेला की सिडकोने स्वतः बांधलेल्या इमारतीतला, यावर कागद बदलतात. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर मूळ शेतकरी, बिल्डर आणि सिडको यांच्यातला त्रिपक्षीय करार शोधा. सिडकोच्या स्वतःच्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी सहकारी सोसायटीऐवजी अपार्टमेंट असोसिएशन असते, तिथे शेअर सर्टिफिकेट मिळणार नाही. घर नावावर होताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागत असेल तर ते कोण भरणार हे आधीच ठरवा.

घणसोली, गोठिवली, तळवली, करावे, शिरवणे या मूळ गावांतल्या इमारती हा वेगळा विषय आहे. ज्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या त्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेली घरं मला नीट माहीत आहेत, त्यामागचा इतिहासही. पण त्याच गावांत मंजुरी नसलेल्या चार-पाच मजली इमारतींतले फ्लॅट बाहेरच्यांना विकले जातात, साध्या स्टॅम्प पेपरवर. तिथे व्हॅल्युअर पाठवायची वेळच येत नाही, कागद बघूनच बँक फाइल परत करते.

ठाण्यात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघा. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन) अशी नोंद असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे वकिलाकडून तपासून घ्या. येऊरच्या डोंगराकडच्या आणि घोडबंदर पट्ट्यातल्या काही जमिनींवर खाजगी वनाच्या नोंदी होत्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बऱ्याच जणांना दिलासा मिळाला, तरी नोंद खरोखर कमी झाल्याचा फेरफार हातात घेऊन बघा. नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या सोसायट्यांत आणखी एक प्रश्न विचारायचा : कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालं आहे का? जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर पुनर्विकास अडतो. बिल्डर सहकार्य करत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्याचा, मार्ग सोसायटीला असतो.

पुनर्विकासाचं नाव निघालंच आहे, तर हेही ऐका. "दोन वर्षांत टॉवर होणार, चाळीस टक्के जागा जास्त मिळणार" या वाक्यावर लोक लाखो रुपये जादा देतात. आम्ही आज उभ्या असलेल्या घराची किंमत लिहितो. नोंदणीकृत विकास करार झालेला असेल तरच पुढचं काही विचारात येतं.

पायरी ५ : इमारत बघा, आणि घराआधी बघा

नवखा माणूस थेट लिफ्टने वर जातो. आम्ही आधी स्टिल्टमध्ये थांबतो, कारण तिथे कॉलम उघडे दिसतात.

आपल्याकडे खाडी जवळ, हवा दमट, आणि नवी मुंबईतले कितीतरी सेक्टर सखल जमिनीवर भराव टाकून उभे राहिले. क्षार आणि ओल काँक्रीटमध्ये शिरले की आतली सळी गंजते. गंजलेली सळी फुगते आणि आपल्यावरचं काँक्रीट ढकलून फोडते. म्हणून बीमच्या खालच्या बाजूला किंवा कॉलमच्या कोपऱ्यावर सळीच्या रेषेत सरळ गेलेली भेग दिसली, तपकिरी डाग दिसला, की मी तिथेच फोटो काढतो. भिंत आणि कॉलमच्या सांध्यावरची केसाएवढी भेग बहुतेक वेळा प्लास्टरची असते, तिने घाबरू नका. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत छताचे पोपडे पडून माणसं जखमी होण्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो, त्यामागे हीच गंजाची गोष्ट आहे.

मग गच्चीवर जा. पत्र्याची शेड दिसली तर ती कशासाठी घातली हे वॉचमनला विचारा; तो सहसा खरं सांगतो. गच्चीच्या खालचा मजला घेत असाल तर छताला नुकताच रंग दिला आहे का, तेही बघा. घरात संडास-बाथरूमच्या छताकडे बघा, कारण वरच्या घराची गळती तिथे आधी उतरते. खिडकीखालच्या भिंतीवर तळहात ठेवा. लादीवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज येतो तिथे ती सुटलेली असते. शक्य असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये घर बघा. पावसाळ्यात घर आपले दोष लपवू शकत नाही.

इमारत तीस वर्षांची झाली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. सेक्रेटरींकडे अहवाल मागा आणि वर्ग बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे माणसं आत राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आणि सी-२ ए मध्ये कर्जाची आशा ठेवू नका. दुरुस्ती मंजूर झाली असेल तर प्रत्येक घरावर किती वर्गणी येणार आणि ती विकणारा भरणार की तुम्ही, हे लिहून घ्या.

वयाचा हिशेब कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. आरसीसी इमारतीचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतात आणि शेवटी दहा टक्के मूल्य भंगार म्हणून उरेल असं मानतात. पंचवीस वर्षांच्या इमारतीचा घसारा म्हणजे साठातले पंचवीस, गुणिले ९० टक्के. तो होतो ३७.५ टक्के. पण हा घसारा फक्त बांधकामाच्या भागावर लागतो, जमिनीच्या भागावर नाही. समजा दर १५ हजार आहे आणि त्यात बांधकामाचा वाटा ३ हजार. मग कपात होईल ११२५ आणि दर उरेल १३,८७५. तुलनेला घेतलेले सौदेच तेवढ्या वयाच्या इमारतींतले असतील तर घसारा पुन्हा कापायचा नसतो. इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त असावं अशी बँकेची अपेक्षा असते. त्यामुळे जुन्या इमारतीत वीस वर्षांऐवजी दहा वर्षांचंच कर्ज मिळालं असंही होतं, आणि हप्ता एकदम वाढतो.

पायरी ६ : आजूबाजूचा खरा दर शोधा

मालमत्तेच्या वेबसाइटवर दिसतात ते मागितलेले दर. आम्हाला झालेले सौदे लागतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू बघता येतात. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले गेल्या वर्षभरातले तीन-चार सौदे शोधा, प्रत्येकाची किंमत कार्पेटने भागा आणि चारही दर एका ओळीत लिहा. शोधताना ठाण्यात मौजेचं, म्हणजे महसुली गावाचं, नाव लागतं. घोडबंदर रोड नावाचं मौजे नाही. तुमचं घर कावेसर, ओवळे, वडवली, कोलशेत किंवा चितळसर मानपाडा यांपैकी एकात असेल. कराराच्या पहिल्या दोन पानांत ते सापडतं.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दरही याच विभागाच्या वेबसाइटवर चौरस मीटरमध्ये मिळतो. तो मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव नव्हे. करारातली किंमत त्याहून कमी असली तरी शुल्क रेकनरच्या किमतीवर भरावं लागतं. "थोडे रोख द्या, करार कमीचा करू" या बोलण्याला मान डोलावू नका. करार कमीचा म्हणजे कर्जही कमीच, आणि रोख दिलेल्या पैशांचा कुठलाही पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

दर वर-खाली करणाऱ्या बाकीच्या गोष्टी तुम्हालाही दिसतात : स्टेशन किती दूर, रस्ता किती रुंद, लिफ्ट आहे का, पाणी किती वेळ येतं, खिडकीसमोर नाला आहे की मोकळं मैदान. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते, त्यामुळे खारघरमध्ये तिचा परिणाम सौद्यांतच दिसतो. होऊ घातलेल्या प्रकल्पाचं वेगळं मूल्य आम्ही धरत नाही. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग आणि वॉर्डरोबचंही जवळपास तसंच. विकणाऱ्याने इंटिरियरवर पंधरा लाख खर्च केले असतील, पण बँक ते घराच्या किमतीत मोजत नाही.

पायरी ७ : पाहणीचा दिवस

बँकेत याला "टेक्निकल" म्हणतात. काम अर्ध्या तासाचं असतं. सगळ्या खोल्या उघड्या ठेवायला सांगा, भाडेकरू असेल तर त्याला आधी कळवा, कागदांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा. आम्ही चतुःसीमा लिहितो, मोजमाप घेतो, फोटो काढतो. चहा केलात तर आनंदाने घेऊ, पण आकडा विचारू नका. तो जागेवर ठरत नाही.

पायरी ८ : आकडा कमी आला तर

बँकेकडे रिपोर्टची प्रत लेखी मागा. आधी क्षेत्रफळ आणि इमारतीचं वय बघा, कारण खऱ्या चुका तिथेच होतात. चूक सापडली तर करार आणि ओसीची प्रत जोडून फेरतपासणी मागा. दर कमी वाटत असेल तर पायरी ६ मधले सौदे द्या. आम्ही ते बघतो आणि पटले तर रिपोर्ट सुधारतो. तरीही आकडा हलला नाही तर तोच रिपोर्ट विकणाऱ्यासमोर ठेवून किमतीवर बोला. नेरूळच्या मुलाने तेच केलं. चाळीस फुटांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला आणि घरमालक काका चार लाखांनी खाली आले.

मात्र ही बोलणी करायला टोकन अडकलेलं नसावं. म्हणून टोकनच्या पावतीवर विकणाऱ्याच्या सहीसह एवढं लिहून घ्या : "बँकेचं कायदेशीर किंवा तांत्रिक मत प्रतिकूल आल्यास, अथवा मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यामुळे अपेक्षित कर्ज मंजूर न झाल्यास, टोकनची संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल." टोकन चेकने किंवा बँक ट्रान्सफरने द्या आणि पावतीवर फ्लॅट नंबर, ठरलेली किंमत आणि करारातलं कार्पेट हे तिन्ही आकडे घाला.